परक्या संहितेचा लघुपट : अपुरी साधने आणि निष्ठेचा प्रश्न
(सॅम्युएल बेकेटच्या 'फिल्म' या लघुपटाच्या आधारे)

१. प्रश्नाची मांडणी

साहित्यकृतीचे चित्रपटात होणारे रूपांतर हा विषय मराठी समीक्षेला नवीन नाही. कादंबरीवरून अथवा नाटकावरून झालेल्या चित्रपटांची मूळ कृतीशी तुलना करणे, काय गाळले आणि काय वाढवले याची नोंद करणे, आणि शेवटी रूपांतर 'प्रामाणिक' आहे की नाही याचा निवाडा देणे, अशी या अभ्यासाची रूढ पद्धत आहे. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मूळ कृती ही स्वतःपुरती पूर्ण असते आणि चित्रपट ही तिची दुसरी, स्वतंत्र आवृत्ती असते.

लेखकाने मुळातच चित्रपटासाठी लिहिलेली संहिता दुसऱ्या दिग्दर्शकाने चित्रित केली म्हणजे हे गृहीतक ढासळते. पटकथा ही कादंबरीप्रमाणे वाचून संपणारी कृती नव्हे. ती चित्रणाची वाट पाहणारी, हेतुतः अपुरी ठेवलेली रचना असते. तिचा लेखक एक, तिला पूर्णत्व देणारा दुसरा, आणि त्या दोघांमध्ये पैसा, वेळ व यंत्रसामग्री यांच्या मर्यादा उभ्या. लघुपटाच्या क्षेत्रात तर या मर्यादा अधिकच काचणाऱ्या असतात, कारण तेथे तिकीटविक्रीतून खर्च भरून निघण्याची शक्यता बहुधा नसते. अशा वेळी संहितेतील सर्वच गोष्टी पडद्यावर आणणे शक्य होत नाही. काहीतरी सोडावे लागते. जे सोडले त्यामुळे लेखकाशी प्रतारणा झाली असे म्हणायचे काय? आणि नाही, तर निष्ठा नेमकी कशाशी राखायची?

या प्रश्नाचा विचार येथे एका ठोस उदाहरणाच्या आधारे केला आहे. ते उदाहरण म्हणजे सॅम्युएल बेकेटने १९६३ मध्ये लिहिलेली आणि अ‍ॅलन श्नायडरने १९६४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये चित्रित केलेली 'फिल्म' ही संहिता. बेकेटने चित्रपटासाठी लिहिलेली ही एकमेव पटकथा होय. तिची छापील संहिता, तीवरून झालेला सुमारे बावीस मिनिटांचा लघुपट, आणि दिग्दर्शकाने निर्मितीसंबंधी लिहिलेली हकीकत अशी तिन्ही साधने उपलब्ध असल्याने या प्रश्नाच्या अभ्यासाला ती विशेष सोयीची आहे.

२. निर्मितीची परिस्थिती

बेकेटचा अमेरिकन प्रकाशक, ग्रोव्ह प्रेसचा बार्नी रॉसेट, याने चित्रपटनिर्मितीसाठी एव्हरग्रीन थिएटर ही संस्था काढली आणि आपल्या नाटककारांकडून पडद्यासाठी लेखन मागवले. बेकेट, युजीन आयनेस्को आणि हॅरल्ड पिंटर या तिघांच्या संहिता एकत्र चित्रित करण्याची मूळ कल्पना होती. त्यांपैकी बेकेटची तेवढी या योजनेत पडद्यावर आली. पिंटरच्या संहितेचे पुढे 'द बेसमेंट' हे दूरचित्रवाणी नाटक झाले आणि १९६७ मध्ये ते बीबीसीने दाखवले. आयनेस्कोची संहिता मात्र या योजनेत चित्रित झालीच नाही. प्रतिष्ठित लेखक आणि उत्साही निर्माता असूनही तीनांतील दोन संहिता कागदावरच राहिल्या, यावरून या क्षेत्रातील साधनांची तुटपुंजी अवस्था ध्यानात यावी.

दिग्दर्शक म्हणून ज्याची निवड झाली तो श्नायडर रंगभूमीवरील माणूस होता. १९५६ मध्ये 'वेटिंग फॉर गोदो'चा पहिला अमेरिकन प्रयोग त्यानेच बसवला होता. चित्रपट मात्र त्याने त्यापूर्वी एकही केलेला नव्हता. ही उणीव काही अंशी भरून काढली ती छायालेखक बोरिस कॉफमनने. झाँ व्हिगोच्या चित्रपटांपासून 'ऑन द वॉटरफ्रंट'पर्यंतचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. मुख्य भूमिकेसाठी मूकपटांच्या काळातील विख्यात विनोदी नट बस्टर कीटन याला घेण्यात आले. बेकेट स्वतः चित्रणासाठी न्यूयॉर्कला आला. त्याच्या आयुष्यातील ती एकमेव अमेरिकावारी ठरली. नाटकाची जाण असलेला पण पडद्याशी अपरिचित लेखक, तसाच दिग्दर्शक, अनुभवी छायालेखक, उतारवयातील नट आणि मोजकाच पैसा, असा हा मेळ होता.

३. संहितेतील विधानांचे तीन प्रकार

'फिल्म'चे कथानक अगदी थोडे आहे. एक माणूस रस्त्याने भिंतीला खेटून पळतो आहे. चेहरा झाकून तो एका इमारतीत शिरतो, जिना चढतो आणि एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो. तेथे तो आपल्याकडे पाहू शकेल अशी प्रत्येक वस्तू दूर करतो. खिडकीवर पडदा ओढतो, आरसा झाकतो, मांजर आणि कुत्रा बाहेर घालवतो, भिंतीवरचे चित्र फाडतो, पोपटाचा पिंजरा आणि माशाचे भांडे झाकतो, आणि अखेरीस स्वतःची जुनी छायाचित्रे पाहून तीही फाडतो. झुलत्या खुर्चीत त्याला डुलकी लागते. तेवढ्यात ज्याच्यापासून तो पळत होता ती नजर त्याच्या समोर येते, आणि ती त्याची स्वतःचीच असल्याचे उघड होते. संहितेत पळणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला वेगवेगळी अक्षरे दिली आहेत. पाहणारा म्हणजे कॅमेराच.

या संहितेचे बारकाईने वाचन केल्यास तीत तीन निरनिराळ्या प्रकारची विधाने आढळतात. त्यांना वस्तुविधाने, कृतिविधाने आणि नियमविधाने अशी नावे देता येतील.

वस्तुविधाने पडद्यावर काय असावे ते सांगतात. काळ १९२९ च्या सुमाराचा, उन्हाळ्याच्या सुरुवातीची सकाळ, कारखान्यांची वस्ती, जोडीजोडीने एकाच दिशेने कामावर निघालेली माणसे, सायकली, घोडागाडी. मोटारी मात्र दिसता कामा नयेत.

कृतिविधाने कोणी काय करावे ते सांगतात. नायकाला धक्का लागलेले वयस्क जोडपे, जिन्यावरून फुलांची परडी घेऊन उतरणारी बाई, खोलीतील एकेक वस्तू झाकण्याचा क्रम हा सर्व भाग या प्रकारात येतो.

नियमविधाने मात्र काय दिसावे हे न सांगता कसे पाहावे हे सांगतात. येथे मुख्य नियम असा की कॅमेऱ्याने पळणाऱ्या माणसाच्या पाठीमागे राहावे, आणि पंचेचाळीस अंशांचा कोन ओलांडून त्याच्या चेहऱ्याकडे वळू नये. तो कोन ओलांडला की त्या माणसाला आपण पाहिले जात असल्याची यातना होते. दुसरा नियम असा की खोलीत पाहणाऱ्याची दृष्टी आणि पळणाऱ्याची स्वतःची दृष्टी या दोहोंची प्रत वेगळी दिसली पाहिजे. तिसरा नियम मौनाचा. संपूर्ण पटात 'श्श' एवढाच एक उच्चार आहे.

संहितेच्या प्रारंभी 'असणे म्हणजे पाहिले जाणे' हे बर्कली या तत्त्वज्ञाचे सूत्र येते. ते पाहून अभ्यासक सहजच तत्त्वचर्चेकडे वळतो. परंतु बेकेट लगेच बजावतो की या सूत्राच्या सत्यासत्यतेशी संहितेला कर्तव्य नाही, रचनेची आणि नाट्याची सोय म्हणून ते घेतले आहे. म्हणजे ज्याला आशय समजावे तेही येथे वस्तुतः रचनेचा नियमच आहे. दिग्दर्शकाला आवश्यक असलेली किल्ली लेखकाने अशी आरंभीच हाती दिली आहे.

४. वगळलेला रस्ता

कसोटीचा प्रसंग चित्रणाच्या प्रारंभीच आला. रस्त्यावरील गर्दीचे दृश्य संहितेप्रमाणे चित्रित करण्यात आले. या दृश्याला संहितेत सुमारे आठ मिनिटे दिलेली होती. त्यासाठी पुष्कळ माणसे गोळा करावी लागली. चित्रित झालेला भाग पडद्यावर पाहिला तेव्हा कॅमेरा आडवा फिरताना प्रतिमा थरथरत असल्याचे आढळले आणि तो निरुपयोगी ठरला. दोष तंत्राचा होता हे खरे. पण तो दुरुस्त करण्यापलीकडचा ठरला तो पैशामुळे, कारण तेवढी माणसे पुन्हा जमवून चित्रण करणे अंदाजपत्रकात बसणारे नव्हते. श्नायडरच्या हकीकतीनुसार अशा वेळी संपूर्ण दृश्यच काढून टाकण्याची सूचना केली ती खुद्द बेकेटने.

त्या जागी एक साधी रचना आली. उंच भिंत, तिच्या कडेने पळणारा माणूस, आणि त्याला सामोरे येणारे एकच जोडपे. छापील संहितेला जोडलेल्या टिपेत बेकेटने या बदलाची नोंद केली असून, अपरिहार्य असलेले जोडपे तेवढे ठेवले अशा आशयाचे शब्द त्याने वापरले आहेत.

'अपरिहार्य' हा शब्द येथे विशेष महत्त्वाचा आहे. संहिता लिहिताना लेखकाला सगळेच आवश्यक वाटलेले असते. कोणती गोष्ट अपरिहार्य आणि कोणती केवळ इष्ट, हा भेद लिहिताना करावा लागत नाही, कारण कागदावर घोडागाडीला पैसे पडत नाहीत. साधनांच्या अभावाने हा भेद उघड केला. जोडपे अपरिहार्य का? ते कॅमेऱ्याकडे पाहते, आणि पाहिल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर भीती उमटते. कॅमेरा ही येथे तटस्थ यंत्रणा नसून एक पात्र आहे आणि त्या पात्राची नजर असह्य आहे, हे प्रेक्षकाला कळण्याचा हा पहिला क्षण आहे. तो वगळला असता तर पुढील सर्व नियम अनाकलनीय ठरले असते. गर्दी गेली तरी नियम शाबूत राहिला. जोडपे गेले असते तर नियमच गेला असता.

अर्थात ही काटछाट फुकट झाली असे मानणे बरोबर होणार नाही. मूळ संहितेतील गर्दी निव्वळ शोभेसाठी नव्हती. तेथील प्रत्येक माणूस कोणाकडे तरी, कशाकडे तरी पाहत असतो आणि स्वतः पाहिला जाण्यात समाधानी असतो. त्या समाधानी जगाच्या उलट दिशेने एकटा पळणारा माणूस असा विरोध लेखकाने योजला होता. गर्दी गेल्यावर हा विरोध नाहीसा झाला. परिणामी लघुपटातील माणूस जगाला पाठमोरा झालेला वाटण्याऐवजी मुळातच निर्मनुष्य जगात वावरणारा वाटतो, आणि त्याचे पळणे काहीसे वैयक्तिक विकारासारखे भासण्याची शक्यता निर्माण होते. नियम टिकला, पण त्याची सामाजिक पार्श्वभूमी हरपली. मर्यादित साधनांचे गुणगान करताना ही किंमत नजरेआड करता येत नाही.

५. झाकलेला चेहरा आणि न सुटलेला प्रश्न

दुसरा प्रसंग याच्या उलट जातीचा आहे. तेथे पैसा खर्च झालेला होता, आणि संहितेचा नियम त्या खर्चाच्या आड येत होता. बस्टर कीटनसारखा सर्वपरिचित नट घेतल्यावर त्याचा चेहरा दाखवावा असे कोणत्याही निर्मात्याला वाटणे स्वाभाविक आहे. पंचेचाळीस अंशांचा नियम मात्र हा चेहरा अखेरच्या क्षणापर्यंत दिसू देत नाही. दिग्दर्शकाने नियम पाळला. प्रेक्षकाला जवळजवळ सबंध लघुपटभर नटाची पाठ, कोट, हात आणि टोपी एवढेच दिसत राहते.

टोपीच्या बाबतीत मात्र सवलत दिली गेली. कीटनने आपली नेहमीची चपटी टोपी वापरली आणि बेकेटने ती मान्य केली. नटाने सुचवलेल्या विनोदाच्या जागा स्वीकारल्या गेल्या नाहीत. वरवर पाहता टोपी आणि विनोदाची जागा या दोन्ही नटाच्या सूचनाच. पण टोपी ही वस्तुविधानाच्या कक्षेत येते. ती बदलल्याने पाहण्याच्या नियमाला धक्का लागत नाही. नवा विनोद घातला असता तर पळणाऱ्याला आपल्या प्रेक्षकाची जाणीव आहे असे सूचित झाले असते आणि मूळ कल्पनाच कोलमडली असती.

तिसरा प्रसंग न सुटलेल्या प्रश्नाचा आहे. दोन दृष्टींची प्रत वेगळी कशी दाखवायची हे संहितेत सांगितलेले नाही. आपल्या तांत्रिक अज्ञानामुळेच कदाचित ही अडचण एवढी मोठी वाटत असेल अशी कबुली देऊन बेकेटने ती चित्रण करणाऱ्यांवर सोपवली. एकाच चौकटीत दोन्ही प्रतिमा मिसळण्याचा मार्ग त्याला समाधानकारक वाटत नव्हता. प्रत्यक्षात पळणाऱ्याची दृष्टी धूसर ठेवण्याचा साधा उपाय योजण्यात आला. हा भेद सर्वच प्रेक्षकांच्या ध्यानात येतो असे म्हणता येत नाही.

पण या अपयशावरील बेकेटची प्रतिक्रिया विचारात घेण्याजोगी आहे. प्राथमिक संकलन पाहिल्यानंतर त्याने श्नायडरला पत्र लिहिले. बौद्धिक आराखड्याच्या दृष्टीने लघुपट उणा पडला असला, तरी त्यामुळेच त्याला स्वतःचे असे परिमाण लाभले आहे आणि हेतूच्या निव्वळ कार्यक्षम अनुवादापेक्षा ते अधिक मोलाचे आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्या नाटकांच्या प्रयोगांत रंगसूचनांचे काटेकोर पालन व्हावे असा आग्रह धरणाऱ्या लेखकाचे हे उद्गार आहेत, म्हणून त्यांचे वजन अधिक.

६. छापील संहिता आणि चित्रित कृती

१९६५ मध्ये हा लघुपट व्हेनिस आणि न्यूयॉर्क येथील महोत्सवांत दाखवला गेला. संहिता पुढे छापली गेली तेव्हा बेकेटने ती लघुपटाशी जुळवून घेतली नाही. रस्त्यावरील गर्दी छापील पानांत आजही आहे, पडद्यावर ती नाही. यामुळे पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक मनोरंजक स्थिती निर्माण होते. 'फिल्म' ही कृती कोणती? छापलेली की चित्रित झालेली?

नाटकाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अवघड वाटू नये. एकाच नाटकाचे अनेक प्रयोग होतात आणि कोणताही प्रयोग संहितेला संपवून टाकत नाही. बेकेटने संहिता न बदलता छापून पटकथेलाही हाच दर्जा दिला असे म्हणता येईल. १९७९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने मॅक्स वॉल या नटाला घेऊन याच संहितेवरून दुसरा लघुपट केला, यावरूनही तेच दिसते. २०१५ मध्ये रॉस लिपमनच्या 'नॉटफिल्म' या माहितीपटातून पहिल्या चित्रणातील वगळलेली दृश्ये अभ्यासकांसमोर आली, आणि संहिता, लघुपट व टाकून दिलेले चित्रण असे तिन्ही स्तर एकत्र तपासणे शक्य झाले. तात्पर्य, लघुपट म्हणजे संहितेचा एक प्रयोग होय. अमुक दिवशी, अमुक पैशात, अमुक माणसांनी केलेला.

७. मराठी संदर्भ

मराठी विद्यार्थ्याला परक्या संहितेशी असे नाते जोडण्याचा सराव चित्रपटापूर्वी रंगभूमीवर मिळालेला असतो. पुण्यात १९६३ पासून होत आलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा हे त्याचे ठळक उदाहरण. नेपथ्याच्या थाटापेक्षा संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांना महत्त्व देणाऱ्या या परंपरेत दोन खुर्च्या आणि एक टेबल एवढ्यावर घर, कचेरी, न्यायालय उभे करण्याची सवय अनेक पिढ्यांना लागली. लघुपट करताना मात्र हीच पिढी वस्तुविधानांच्या मागे लागलेली पुष्कळदा आढळते, कारण कॅमेऱ्यापुढे सगळे 'खरे' दिसले पाहिजे अशी समजूत प्रबळ असते. त्यापायी मिळेल तो पैसा वाडा, मोटार आणि वेशभूषा यांवर जातो, आणि कथेची पाहण्याची रीत कोणती हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

लेखक आणि दिग्दर्शक यांच्यामध्ये तिसरा हात आला म्हणजे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. 'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटाची कथा श्री. दा. पानवलकर यांची, पटकथा विजय तेंडुलकर यांची आणि दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे. येथे निष्ठेचा प्रश्न दोन टप्प्यांत विचारावा लागतो. पटकथेने कथेतील काय अपरिहार्य मानले हा पहिला, आणि दिग्दर्शनाने पटकथेतील काय अपरिहार्य मानले हा दुसरा. रूढ तुलनापद्धतीत पटकथेचा मधला टप्पा गाळला जातो आणि कथा व चित्रपट यांचीच तुलना होते. परिणामी पटकथाकाराचे श्रेय आणि दोष दोन्ही दिग्दर्शकाच्या खात्यावर पडतात.

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरून चित्रपट करण्याचा अधिकार मुळात प्रताधिकारधारकाचा असतो. लघुपट लहान आहे, वा त्यातून पैसा मिळणार नाही, म्हणून परवानगीची गरज नाही असा समज विद्यार्थिवर्गात आढळतो. तो धोक्याचा आहे. शिवाय कलम ५७ अन्वये, हक्क दिल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशा विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटासंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या अधिकाराची व्याप्ती स्पष्ट केली. माध्यमांतरासाठी आवश्यक असलेले बदल आणि कृतीचे विकृतीकरण यांत भेद केला पाहिजे हे त्या निर्णयाचे सूत्र. समीक्षा ज्याला अपरिहार्य आणि इष्ट यांतील भेद म्हणते, त्याच्याच जवळ न्यायालयही वेगळ्या वाटेने पोहोचले.

८. निष्कर्ष

'फिल्म'च्या निर्मितीत एक अनुकूलता होती. लेखक चित्रणस्थळी हजर होता आणि काय वगळावे हे तो स्वतः सांगू शकत होता. बहुतेक दिग्दर्शकांना ही सोय नसते. लेखक दूर असतो, किंवा हयात नसतो. तेव्हा हा निर्णय वाचनातूनच घ्यावा लागतो, आणि म्हणूनच तो साहित्याच्या अभ्यासाचा विषय ठरतो.

असे वाचन करताना तीन प्रश्न उपयोगी पडतील. संहितेतील कोणते विधान वस्तूचे, कोणते कृतीचे आणि कोणते पाहण्याच्या नियमाचे आहे? एखादी वस्तू वगळली तर नियम टिकतो की मोडतो? आणि नियम टिकूनही तिच्याबरोबर अर्थाची कोणती छटा जाते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काटछाट करण्याचे बळ देतात. तिसरा प्रश्न त्या काटछाटीचा हिशेब मागतो. त्याला बगल देणारा दिग्दर्शक साधनांच्या अभावाला कलात्मक संयमाचे नाव देऊन मोकळा होतो.

येथे अभाव आणि नियम यांची गल्लत टाळणे आवश्यक आहे. 'फिल्म'मधील मौन हे पैशाच्या अभावातून आलेले नाही. पुरेसा पैसा असता तरी तेथे मौनच राहिले असते. रस्त्यावरील गर्दी मात्र पैसा असता तर राहिली असती. पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच रिकाम्या दिसतात. एक रिकामेपण लेखकाने लिहिलेले आहे, दुसरे परिस्थितीने लादलेले आहे. हा फरक चित्रपट पाहून कळत नाही, तो संहिता वाचूनच कळतो. पटकथेला पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून स्थान का असावे, याचे याहून सबळ कारण शोधण्याची गरज नाही.